जुन्या जोडीचं पटतं, मग नव्या जोडीचं का नाही?

प्रश्न : ताई, परवा टीव्हीवर 'लव्ह आज कल' लागला होता, २००९चा, सैफ अली खानवाला. एक जोडी १९६५ची, एक आजची. सासूबाई म्हणाल्या जुनं तेवढं खरं वाटतं, आजचं सगळं नाटक. मला उलट वाटलं, एका नजरेत 'हिच्याशीच लग्न' हे खरं कसं? शिवाय दोन्हीकडे सैफच! कोणाचं बरोबर?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : सैफचं आधी सांगते, ते मला पटतं. म्हातारा वीर, म्हणजे ऋषी कपूर, स्वतःच्या तरुणपणाची गोष्ट सांगतोय आणि आजच्या जोडीतला जय, म्हणजे सैफ, ऐकतोय, मग ऐकणाऱ्याच्या डोक्यात हिरो म्हणून त्याचाच चेहरा येणार ना, आपणही तेच करतो.

आता सासूबाई. एका नजरेतलं प्रेम मलाही जरा जास्तच वाटलं, पण पुढे तो तरुण वीर ट्रेनने पार कलकत्त्याला जातो ना, तिथे आपण विरघळतो, कारण अंतर दिसतं. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात एकाच घरी फोन होता, मावशीला ट्रंककॉल आला की अख्खा वाडा कान लावून, आणि ती बिचारी फक्त 'हो', 'नाही', 'बरं', एवढ्यावर लग्न जमलं तिचं! त्यात खोटं वाटायला जागाच नाही. आजच्या जोडीला अडवणारं कोणी नाही, ब्रेकअपची पार्टी देऊन दोघं मोकळे, आणि नेमकं कशामुळे अडलंय हे त्यांनाच कळत नाही. हे खोटं नाहीये हो, फक्त दाखवायला अवघड. माझी भाची पुण्यात असते, तिच्या मित्राच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसतं आणि रिप्लाय नाही, तर पोरगी गरम पोहे गार होईपर्यंत फोनकडे बघत बसते. हे पडद्यावर पाच मिनिटं दाखवायला धीर लागतो, आणि दोन गोष्टी असलेल्या पिक्चरवाल्याकडे तो नसतो, जरा शांतता झाली की लगेच कट, चला जुन्या काळात.

माझा खरा राग योगायोगांवर आहे. ऐन वेळी विमानतळावरच कसे भेटतात सगळे? पंचवटी एक्सप्रेसच्या पासवाल्यांचं बघा, तोच डबा, तीच जागा, रोज भेट होते ती सवयीने, तसं दाखवा की कोणीतरी.

बाकी त्यात शेवटी ऋषी कपूरसमोर नीतू सिंग येऊन उभी राहते, तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या ते मात्र नक्की कळवा.