रोध की प्रतिरोध? शक्ती की ऊर्जा?

प्रश्न असा आला आहे: व्होल्टला अँपिअरने भागून जे येतं, त्याला मुलाच्या मराठी पुस्तकात ‘रोध’ म्हटलंय, तर हिंदी पुस्तकात ‘प्रतिरोध’. मराठीतही प्रतिरोध लिहिलं तर चालेल का? आणि व्होल्ट गुणिले अँपिअर, ती ‘शक्ती’ की ‘ऊर्जा’?

पहिल्याचं माझं उत्तर ठाम आहे: रोध. दोन्ही शब्द एकाच ‘रुध्’ धातूचे, अर्थ अडवणे. पण ‘प्रति’ लागलं की मराठी कानाला उलट उत्तर ऐकू येतं. प्रतिकार, प्रतिहल्ला, प्रत्युत्तर. आधी कुणीतरी काहीतरी करायला हवं. तारेचं तसं नसतं. रस्त्यावरचा गतिरोधक आठवा. रात्री दोन वाजता एकही गाडी नसली तरी तो तिथे असतोच. तसाच रोध. तो वस्तूच्या अंगचा गुण आहे.

घरची इस्त्री घ्या. पट्टीवर २३० व्होल्ट, १००० वॉट लिहिलेलं असतं. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणून १००० भागिले २३०, म्हणजे साधारण ४.३५ अँपिअर धारा. आता २३० भागिले ४.३५: सुमारे ५३ ओहम (ओहम हे रोधाचं एकक). प्लग काढून इस्त्री कपाटात ठेवली तरी तिच्या तारेला रोध आहेच.

एक आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब याच हिशेबाने सुमारे ८८० ओहमचा येतो. तोच थंड असताना मी मल्टिमीटर लावून पाहिला, तर आकडा साठ-पासष्टच्या आसपास! धारा वाहते, टंगस्टनची तार तापते, रोध वाढतो. मग हे प्रत्युत्तर नव्हे का? मला नाही वाटत. वाढला तो रोध, आणि वाढण्याआधीही तो होताच.

आता शक्ती. इथे भाषेने निवाडा कधीच करून ठेवला आहे. विहिरीवरची मोटर पाच अश्वशक्तीची असते. अश्वऊर्जा कुणी म्हणत नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. शक्ती हा कामाचा वेग, दर सेकंदाला किती ऊर्जा लागते तो. त्या वेगाला वेळेने गुणलं की ऊर्जा. १००० वॉटची इस्त्री तासभर सलग तापत राहिली तर एक किलोवॉट-तास, म्हणजेच बिलावरचं एक युनिट.

त्याच बिलावर ‘मंजूर भार’ असतो, किलोवॉटमध्ये. वायरमन त्यालाच ‘लोड’ म्हणतो. मला हा शब्द फार आवडतो: वापरणाऱ्याच्या बाजूने जी शक्ती, तीच पुरवणाऱ्याच्या बाजूने भार. व्होल्टेजसाठीही पुस्तकातल्या ‘विभवांतर’पेक्षा ‘उच्चदाब वाहिनी’तला ‘दाब’ मला जवळचा वाटतो, पण परीक्षेत विभवांतरच लिहायला सांगा.

वाक्यात वापरताना ‘तारेने ५३ ओहम रोध केला’ असं लिहू नये. ‘तारेचा रोध ५३ ओहम आहे’ असं लिहावं. आणि ‘महिन्याला शंभर युनिट शक्ती वापरली’ हे चूकच. तिथे ऊर्जा हवी, किंवा सरळ आपली ‘वीज’.