सिनसिनाटी शहर कसं वसलं आणि ओहायोच्या सीमायुद्धात त्याचं काम काय होतं?

डिसेंबर १७८८ मध्ये लिकिंग नदीच्या मुखासमोर, ओहायो नदीच्या उत्तर काठावर वस्ती पडली. पहिलं नाव लोसँटिव्हिल, म्हणजे ‘लिकिंगच्या मुखासमोरचं गाव’. तीनचार भाषांचे तुकडे जोडून केलेलं, जरा हास्यास्पदच. १७९० मध्ये वायव्य प्रदेशाचा (नॉर्थवेस्ट टेरिटरी) गव्हर्नर सेंट क्लेअरने ते बदलून सिनसिनाटी केलं.

गाव वाढलं ते १७८९ च्या फोर्ट वॉशिंग्टन या लष्करी किल्ल्यामुळे. पिट्सबर्गहून रसद होड्यांतून प्रवाहाबरोबर इथे उतरायची आणि पुढे जंगलातून उत्तरेकडे जायची. १७९० मध्ये अमेरिकी सेनानी हार्मर मूळनिवासींवर चालून जायला इथूनच निघाला आणि मार खाऊन परतला. पुढच्या वर्षी सेंट क्लेअरची गत त्याहून वाईट झाली. नदीला पाणी कमी, रसद उशिरा, नवखी भरती, त्यामुळे कूच थेट सप्टेंबरात. ४ नोव्हेंबर १७९१ च्या पहाटे मूळनिवासी सरदार लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या योद्ध्यांनी तटबंदी नसलेल्या छावणीवर झडप घातली. ६०० हून अधिक सैनिक ठार झाले.

सेंट क्लेअरनंतर सेनापती झालेल्या वेनने घाई केली नाही. १७९३ मध्ये गावाजवळ तळ ठोकून फौजेची कवायत घेतली, पुढे टप्प्याटप्प्याने किल्ले बांधले आणि २० ऑगस्ट १७९४ ला फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात मूळनिवासींना आजच्या ओहायोचा बहुतेक भाग सोडावा लागला.