वाचकांचे प्रश्न : बिनपायडलची सायकल आणि उतार

प्रश्न : तीव्र उताराच्या रस्त्यांवर बिनपायडलच्या सायकलींच्या शर्यती होतात आणि वेग वाढावा म्हणून काही स्पर्धक फ्रेमला शिशाचे तुकडे जोडतात, असे एका चित्रफितीत पाहिले. जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने खाली येते, असे आम्ही शाळेत शिकलो. मग हे वजन कशासाठी?
— अकरावीतील एक विद्यार्थिनी

उत्तर : शाळेत शिकवलेला नियम खरा आहे, परंतु तो हवा नसताना लागू पडतो, आणि ही अटच विद्यार्थ्यांच्या लक्षात राहत नाही. उतारावर सायकलीला खाली ओढणारे बळ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. हवेचा रोध मात्र स्वार किती जड आहे हे पाहत नाही, त्याचा आकार आणि वेग एवढेच पाहतो.

10 टक्क्यांचा उतार घेऊ, म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर रस्ता 10 मीटर खाली जातो. स्वार आणि सायकल मिळून 100 किलो असतील, तर खाली ओढणारे बळ सुमारे 98 न्यूटन भरते आणि त्यातले सहाएक न्यूटन टायरच्या घर्षणात जातात. अंग बऱ्यापैकी आखडून बसलेल्या स्वाराला ताशी 20 किलोमीटरला हवेचा रोध जेमतेम 5 न्यूटन होतो. पण वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो, त्यामुळे ताशी 80 किलोमीटरला तो 75 न्यूटनच्या आसपास पोहोचतो आणि ताशी 89 किलोमीटरच्या सुमारास दोन्ही बाजू बरोबरीत येऊन वेग वाढायचा थांबतो. आता याच सायकलीला 20 किलो शिसे बांधले, तर हाच कमाल वेग ताशी 97 ते 98 किलोमीटर होतो. सुरुवातीच्या संथ टप्प्यात मात्र जड आणि हलकी सायकल जवळजवळ जोडीनेच धावतात, कारण तिथे हवेचा अडसर नगण्य असतो. म्हणजे आपल्या शाळेचा नियम शर्यतीच्या पहिल्या काही सेकंदांत बराचसा खरा ठरतो.

आमच्या मते शिशाचे कौतुक जरा जास्तच होते. त्याच 100 किलोच्या स्वाराने कोपरे आत घेऊन, पाठ सपाट करून आणि हनुवटी हँडलजवळ आणून हवेचा रोध एक पंचमांशाने कमी केला, तर त्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या उंबरठ्यावर जातो, म्हणजे 20 किलो शिशापेक्षा किंचित अधिकच लाभ होतो. फ्रान्सच्या एरिक बारोन यांनी 2017 साली बर्फाच्या उतारावर गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर ताशी 227 किलोमीटरपेक्षा अधिक वेग गाठला, तेव्हा अंगाला घट्ट बसणाऱ्या गुळगुळीत पोशाखाचा त्यात मोठा वाटा होता. शिशाचा खरा हिशेब ब्रेकपाशी द्यावा लागतो. वर सांगितलेल्या उदाहरणात वस्तुमान 20 टक्क्यांनी वाढले आणि वेगही वाढला. त्यामुळे थांबताना उष्णतेच्या रूपात बाहेर टाकावी लागणारी ऊर्जा सुमारे 44 टक्क्यांनी वाढते.

प्रश्न : माझ्याकडे लहान चाकांची एक जुनी सायकल पडून आहे. पायडल उलटे दाबले की तिचा मागचा ब्रेक लागतो. दुसरा ब्रेक नाही. पायडल, दांडे आणि चेन काढून टाकली, तर ती उतारावरच्या शर्यतीसाठी तयार झाली, असे समजावे काय?
— एक हौशी वाचक

उत्तर : कृपया असे समजू नये. आपल्या सायकलीचा ब्रेक चेनमधूनच चालतो. चेन काढताक्षणी आपण तिचा एकमेव ब्रेकही काढून ठेवलेला असेल. निव्वळ मागच्या ब्रेकवर विसंबणेही चुकीचेच आहे, कारण उतारावर ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचे चाक हलके होते आणि घसरू लागते. पुढच्या ब्रेकचाही अतिरेक करून चालत नाही: स्वार जितका उंच बसलेला, तितका तो हँडलवरून पुढे फेकला जाण्याचा धोका अधिक. या सायकलींवर स्वार गुडघे टेकून किंवा जवळजवळ पालथा झोपून बसतो, त्याचा हवेचा रोध कमी करण्याइतकाच येथेही उपयोग होतो. लांब उतारावर रिम पकडणारे ब्रेक रिम इतकी तापवतात की आतली ट्यूब फुटू शकते. म्हणून शक्यतो दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असावेत.

आणखी एक तपासणी आजच घरी करून पाहावी. पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरावा, पुढचे चाक धरणारा चिमटा फ्रेमला जिथे मिळतो त्या सांध्यावर दुसऱ्या हाताचे बोट ठेवावे आणि सायकल मागेपुढे हलवावी. बोटाला बारीकशी ‘टक’ जाणवली, तर तेथील बेअरिंग ढिले आहे. सावकाश जाताना ते फारसे जाणवत नाही, पण मोठ्या वेगात हँडल थरथरू लागण्यामागे असा ढिलेपणा असू शकतो. थरथर सुरू झालीच, तर हँडल आवळून धरू नये. गुडघ्यांनी फ्रेम दाबून धरावी आणि वेग हळूहळू उतरवावा. वजन जोडायचेच असेल, तर ते खालच्या बाजूला नट-बोल्टने पक्के बसवावे. पिशवीत भरून लटकवलेले वजन वळणावर कुठे झुकेल, याचा नेम नसतो. रस्ता वाहतुकीला पूर्ण बंद केलेला हवा, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : पायडलच नसतील, तर त्या वाहनाला सायकल म्हणावे तरी कसे? घरात यावरून वाद आहे.
— एक आजोबा

उत्तर : आपल्या घरातील वादात आम्ही ‘सायकल म्हणावे’ या पक्षाचे आहोत. कार्ल ड्राइस यांनी 1817 साली जर्मनीतील मानहाइम येथे जे दुचाकी यंत्र चालवून दाखवले, त्याला पायडल नव्हते. स्वार जमिनीला पायाने रेटा देत पुढे जाई. लाकडी सांगाड्याचे ते यंत्र सुमारे 22 किलो वजनाचे होते. चाकाला पायडल बसले ते 1860 च्या दशकात. मागच्या चाकाचा ब्रेक मात्र ड्राइस यांनी आपल्या यंत्राला आधीपासूनच दिलेला होता.