अमेरिकेतला बांबूचा रेडिओ पुण्यात उशिरा का उठवतो?

प्रश्न: लेकीने अमेरिकेहून येताना उशाशी ठेवायचा क्लॉक रेडिओ आणला, बांबूची पेटी, पुढे कापडी जाळी, दिसायला एकदम झकास. तिकडचा १२० व्होल्टवाला म्हणून तपकीर गल्लीतून स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणून लावला. पण रात्री दहाला वेळ लावून सकाळी सहाचा गजर लावला तर तो वाजतो साडेसात होऊन गेल्यावर! पुणे आकाशवाणीही नीट लागत नाही, आमचे हे म्हणतात बांबूमुळे लहरीच आत शिरत नाहीत. आणि पावसाळ्यात बुरशी आली तर?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: आधी ह्यांना सांगा, बांबू निर्दोष आहे. लहरी अडवतो पत्रा, लाकूड-बांबू नाही.

गजराचं गणित सोप्पंय. असली बरीच घड्याळं वेळ मोजतात ती भिंतीतल्या करंटच्या हेलकाव्यांवरून, तिकडे ते सेकंदाला ६० आणि आपल्याकडे ५०, म्हणजे तुमचं घड्याळ तासाला १० मिनिटं मागे पडतं आणि रात्री दहा ते सहा हे आठ तास पुरे करायला त्याला ९ तास ३६ मिनिटं लागतात, म्हणून गजर ७:३६ ला. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट कमी करतो, हेलकावे तेवढेच राहतात. त्यामुळे दुकानदाराशी भांडू नका. पेटी उलटी करून खाली ५०/६० लिहिलेला खटका आहे का बघा. असला तर ५० वर टाका, झालं काम. नसला तर गजर मोबाईलवरच लावा आणि पेटीवर नुसती गाणी ऐका.

आता स्टेशन. पुणे आकाशवाणी मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्‌झला. आपल्याकडे स्टेशनं ९-९ च्या अंतरावर, अमेरिकेत १०-१० च्या, म्हणून तुमचे आकडे ७९० वरून थेट ८०० वर उडी मारत असणार. विविध भारतीचंही तेच, ती एफएमवर १०१ ला आणि तिकडचे बरेच सेट १००.९ नंतर १०१.१ च दाखवतात. खाली किंवा मेनूत ९/१० चा पर्याय असेल तर तो बदला. नाहीतर ७९० वर ठेवून पेटी हळूहळू फिरवा, आतली फेराइटची कांडी, म्हणजे मीडियम वेव्हचा एरियल, एका दिशेने जास्त पकडते, मग आवाज बराच सुधारतो. मोबाईलचा चार्जर आणि स्वस्तातला एलईडी दिवा मात्र उशापासून लांब ठेवा, अर्धी खरखर त्यांचीच असते!

बुरशीपेक्षा किडीकडे लक्ष द्या. बांबूत स्टार्च असतो, तो किडीला आवडतो, पेटीखाली पिवळट पीठ पडलेलं दिसलं तर समजा आत कोणीतरी राहायला आलंय. जुलैत ओल्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसा आणि पावसाळ्याआधी जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवा, जाळीवर नको. ते तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका हं, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं पेटूही शकतं, दोरीवर पसरून वाळवा.