पॉवरसेव्ह लावलंय, तरी फॅन का गरगरतो?

प्रश्न : सर, लालबागला राहतो. लॅपटॉप इंटेल आय-फाइव्ह, आठवी जनरेशन, त्यावर उबुंटू लिनक्स टाकलंय. गव्हर्नर, म्हणजे सीपीयूचा स्पीड कसा ठेवायचा ती सेटिंग, बघितला तर पॉवरसेव्ह दाखवतो, पण ब्राउझर उघडला की फ्रीक्वेन्सी सरळ ३.४ गिगाहर्ट्झवर जाते आणि फॅन बोंब मारायला लागतो. पॉवरसेव्ह म्हणजे सगळ्यात कमी स्पीड ना? की कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, काही लोचा आहे? मे महिन्यात तर कीबोर्डवर हात ठेववत नाही.

उत्तर : लोचा काही नाही, तुम्ही गव्हर्नर बघितलात पण ड्रायव्हर, म्हणजे तो स्पीड प्रत्यक्ष बदलणारा कर्नलचा भाग, बघायचा राहिला. त्याच फोल्डरात, म्हणजे सिस फोल्डरखाली डिव्हायसेस, सिस्टिम, सीपीयू असं आत आत गेल्यावर जे सीपीयूफ्रेक नावाचं फोल्डर लागतं तिथे, स्केलिंग_ड्रायव्हर अशी एक फाइल असते, ती उघडा. तुमच्याकडे बहुतेक इंटेल_पीस्टेट दिसेल. जुना एसीपीआय-सीपीयूफ्रेक ड्रायव्हर असता तर पॉवरसेव्हने खरंच मिनिममवर आणून ठेवलं असतं आणि तुम्ही म्हणता तसंच झालं असतं. इंटेल_पीस्टेट त्याच्या नेहमीच्या ॲक्टिव्ह मोडमध्ये असला की गव्हर्नर दोनच, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह, आणि इथला पॉवरसेव्ह कामाप्रमाणे वरखाली होतच असतो. तेव्हा ३.४ दिसलं म्हणून घाबरू नका, तो तुमच्या चिपचा टर्बो आहे, म्हणजे गरज पडली की तेवढ्यापुरता घेतलेला जादा स्पीड.

त्यात स्कायलेक नावाच्या चिपपासून, म्हणजे २०१५ पासून, इंटेलने बराचसा निर्णय चिपच्या आतच नेला. कर्नल फक्त मिनिमम-मॅक्सिमम सांगतो आणि वर एक कल देतो, बॅटरी वाचवायची की स्पीड हवा. टॅक्सीत बसून आपण 'दादर टीटी, घाई नाहीये' एवढंच सांगतो, गिअर कुठला टाकायचा ते ड्रायव्हर बघतो, तसंच. हा कल एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स नावाच्या फाइलमध्ये असतो, त्यात बॅलन्स_परफॉर्मन्स असेल तर बॅलन्स_पॉवर करून बघा. उबुंटूच्या सेटिंगमध्ये पॉवर सेव्हर निवडलंत तरी आतून साधारण हेच होतं, त्यामुळे टर्मिनलशी झटापट करायची गरजही नाही.

तरी गरम होतंय? मग टर्बोच बंद करा, इंटेल_पीस्टेटच्या फोल्डरात नो_टर्बो फाइल आहे, रूट, म्हणजे ॲडमिन, होऊन तिच्यात १ लिहा. चिप बेस, म्हणजे टर्बोशिवायच्या, फ्रीक्वेन्सीच्या वर जाणार नाही, आणि पत्रव्यवहार, यूट्यूब, एक्सेल एवढंच असेल तर फरक जाणवणारही नाही. मे महिन्यात मी हे बिनधास्त सुचवतो. आणि लोक म्हणतात मुंबईच्या दमट हवेने लॅपटॉप तापतो, ते काही खरं नाही, घाम आपल्याला येतो हीटसिंकला नाही. त्याचं गणित खोलीच्या टेम्परेचरचं, खोली २४ ऐवजी ३४ अंशांवर असली की आतलं सगळं साधारण तेवढंच वर सरकतं आणि बऱ्याच इंटेल चिपची १०० अंशांची हद्द तेवढी लवकर गाठली जाते. तिथे पोचल्यावर चिप स्वतःच स्पीड पाडते, गव्हर्नर काही का असेना. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, 'क्लॉक थ्रॉटल्ड' (स्पीड पाडला) असली ओळ दिसली तर आधी फॅनमधली धूळ काढून घ्या.

प्रश्न : विरारहून चर्चगेटला रोज लोकलने येते, सीट मिळाली तर गाडीत कोडिंग करते. फ्रीक्वेन्सी मिनिममलाच लॉक करून ठेवली तर बॅटरी जास्त टिकेल ना? आणि गव्हर्नर ऑनडिमांड चांगला की शेडयुटिल? माझं मशीन एएमडीचं आहे.

उत्तर : लॉक करू नका. चिप वीज खाते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात, म्हणजे दोन्ही दहा-दहा टक्के उतरवले तर चिपचा तो खर्च २७ टक्क्यांच्या आसपास उतरतो, इथपर्यंत मस्त. पण व्होल्टेजलाही तळ असतो, त्याच्या खाली नुसती फ्रीक्वेन्सी पाडून त्याच कामाला लागणारी वीज काही कमी होत नाही, काम मात्र लांबतं, आणि कंपाइल संपेपर्यंत स्क्रीन, रॅम, वायफाय सगळं चालूच. त्यापेक्षा काम उरकून कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, झोपले तर बरं, कारण गाढ झोपेतला कोअर जवळजवळ काहीच खात नाही. म्हणून फार वर नाही आणि अगदी खालीही नाही अशी मधली जागा बरी पडते. मॅक्स थोडा खाली आणायचा असेल तर आणा, पण तळाला खिळा ठोकू नका. आणि खरं सांगू का, ब्राइटनेस अर्ध्यावर आणलात तर या सगळ्यापेक्षा जास्त वाचेल.

गव्हर्नरचं म्हणाल तर शेडयुटिल. ऑनडिमांड २००४ च्या सुमाराचा, तो ठरावीक वेळाने डोकावून बघतो की सीपीयू किती बिझी होता, आणि ठरलेल्या टक्क्याच्या वर गेला की थेट मॅक्स. शेडयुटिल २०१६ ला कर्नल ४.७ मध्ये आला, तो वेगळा डोकावत बसत नाही, शेड्युलर (कुठलं काम कधी चालवायचं ते बघणारा कर्नलचा भाग) कुठल्या कामाने किती भार टाकलाय त्याचा हिशेब आधीच ठेवत असतो तोच उचलतो, आणि वर पाव हिस्सा जास्तीचा धरतो. म्हणजे मॅक्स ३.२ गिगाहर्ट्झ आणि भार निम्मा असेल तर मागणी १.६ ची नाही, २ ची. भार ८० टक्क्यांवर गेला की पूर्ण मॅक्स. तुमच्या एएमडीवर नवा कर्नल असेल तर एएमडी_पीस्टेट ड्रायव्हरही मिळेल, तो ५.१७ पासून आहे, आणि तो ॲक्टिव्ह मोडमध्ये असेल तर शेडयुटिल यादीत दिसणारच नाही, तिथे वरच्या उत्तरातलं कल द्यायचं प्रकरण लागू.

प्रश्न : मुलुंडहून लिहितोय. कालपासून सगळे कोअर ४०० मेगाहर्ट्झवर अडकलेत, टेम्परेचर ४५. गव्हर्नर बदलून पाहिला, काही हलत नाही. चार्जर मागच्या आठवड्यात लॅमिंग्टन रोडवरून नवा घेतलाय, स्वस्तातला.

उत्तर : शेवटच्या वाक्यात तुम्हीच उत्तर दिलंत बहुतेक. एकदा स्केलिंग_मॅक्स_फ्रेक फाइल बघा, त्यात आकडा किलोहर्ट्झमध्ये असतो, ४००००० असेल तर कोणीतरी मर्यादा घातलीय, ती वाढवा. मॅक्स व्यवस्थित असेल तर कर्नलचा दोष नाही. प्रोसेसरला 'तापलोय, थांब' असा सिग्नल देणारी एक तार असते, प्रोचॉट म्हणतात, ती मदरबोर्डलाही ओढता येते, आणि चार्जर ओळखता आला नाही किंवा बॅटरी बिघडली की काही लॅपटॉप नेमकं हेच करतात. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालू करून बघा. स्पीड परत आला तर चार्जर परत द्या, नाहीच आला तर बॅटरी तपासून घ्या. हा सिग्नल सॉफ्टवेअरने बंद करायच्या युक्त्या कोणी सांगेल, नादी लागू नका, चार्जरला झेपत नसताना त्याच्याकडून जास्त ओढून घेण्यात काही अर्थ नाही.