स्वेच्छानिवृत्तीचे २२ लाख चाकांवर घालावेत का?

प्रश्न: वय ४७, भांडुपला राहतो. कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. कर वजा जाता हातात २२ लाख आले, पीएफचे ९ लाख अजून काढलेले नाहीत. घर स्वतःचं, कर्ज नाही. पत्नीचा पगार २२,०००, घरखर्च ४८,०००, मुलगा अकरावीत. कंपनीच्या आवारातली बाग शेवटची काही वर्षं मीच सांभाळली. आता सोसायट्यांच्या आणि फार्महाऊसच्या बागा करायच्या, सोबत माती, खत, डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) यांची वाहतूक करायची, असा बेत आहे. २०१७ चा ४०७ टिपर (मागचा हौदा उचलून माल ओतणारा टाटाचा छोटा ट्रक) ७ लाखांना ठरवून २५,००० टोकन दिलं आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली साडेनऊ लाखांची. ती मुरबाडला भावाच्या नावावर घेतली तर शेतीचं अनुदान मिळेल. दोन्ही रोखीने घ्यावं की कर्ज काढावं?

उत्तर: आत्ता दोन्ही घेऊ नका, रोखीने नको आणि कर्जानेही नको. धंदा मात्र जरूर करा. बागेची जाण तुमच्याकडे आहे आणि या धंद्यात पैसा तिलाच मिळतो. चाकं भाड्याने मिळतात.

आधी तुमचाच हिशेब. १६ लाख ५० हजार गाड्यांत गेले की उरतात साडेपाच. सोसायटी बिल ४५ ते ६० दिवसांनी देते, माळ्यांचा पगार सात तारखेच्या आत द्यावा लागतो. सहा माळी धरले, प्रत्येकी १८,०००, तर दोन महिन्यांचे पगारच २ लाख १६ हजार होतात. माती, खत, रोपं यांची उधारी धरून साडेतीन लाख खेळतं भांडवल लागेल. मग घरासाठी राहतात दोन लाख. घराची तूट महिन्याला २६,०००, म्हणजे आठ महिनेसुद्धा निघणार नाहीत, आणि त्यातले चार पावसाळ्याचे. एवढ्या कमी दमावर माणूस पडेल त्या भावात काम घेतो आणि तिथूनच धंदा बिघडत जातो.

आता ट्रॅक्टर. तुमच्या बेतातला सगळ्यात धोक्याचा भाग हाच. शेतीचा म्हणून नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याने माती वाहायला लावला की नोंदणी, विमा, अनुदान आणि असल्यास कर्ज या सगळ्यांच्या अटी एकदमच मोडतात. अपघात झाला तर विमा कंपनी आधी विचारते की गाडी त्या वेळी कशासाठी वापरात होती. ट्रॉलीत मातीवर मजूर बसले असतील तर त्यांची भरपाई मालकाच्या खिशातून जाते. मालावर बसलेली माणसं पॉलिसीत धरलेली नसतात. आणि मालक कोण? कागदावर भाऊ, पैसे तुमचे. भावाभावांत आज काही नाही, उद्याही नसो. पण साडेनऊ लाखांच्या वस्तूवर तुमचा हक्क सांगणारा एक कागद तुमच्याकडे नसणार, हे नातं कितीही चांगलं असलं तरी बरं नाही.

व्यावसायिक नोंदणी करून स्वतःच्या नावावर घेतला तरी गणित बसत नाही. मुरबाडहून भांडुप साठेक किलोमीटर. ट्रॅक्टर तिथून इथे हाकत आणायचा नाही आणि मुंबईतल्या सोसायटीत त्याला काम नाही. त्याचं काम मुरबाड, शहापूर, कर्जतच्या फार्महाऊसवर: रोटाव्हेटरने माती भुसभुशीत करणं, सपाटीकरण, आतल्या आत माती हलवणं. वर्षाचा घसारा ९५,०००, अडकलेल्या रकमेचं साडेसहा टक्क्यांनी बुडालेलं व्याज ६२,०००, विमा-दुरुस्ती ५०,००० धरा, दोन लाखांच्या वर जातं. डिझेल आणि ड्रायव्हर वजा जाता तासाला ३५० रुपये सुटतात असं मानलं तर नुसता खर्च भरून यायला वर्षाला जवळपास ६०० तास काम हवं. सुरुवातीला दोनशे मिळाले तरी खूप. ज्या गावात काम असेल तिथला ट्रॅक्टर तासावर सांगा आणि ग्राहकाच्या बिलात ते तास वेगळे दाखवा. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, मालवाहू गाड्यांवरचा २८ वरून १८ वर. स्वस्त झालं हे खरं, पण उभा राहिलेला ट्रॅक्टर पाच टक्क्यांतही महागच.

४०७ बद्दल जरा सविस्तर, कारण तिथे हिशेब मातीच्या वजनावर फिरतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सुटी, बऱ्यापैकी कोरडी लाल माती घनमीटरला साधारण १.४ टन धरली तर एक ब्रास चार टनांच्या आसपास भरते, ओली असेल तर त्याहून जास्त. ४०७ ची कायदेशीर क्षमता मॉडेलप्रमाणे अडीच टनांच्या आसपास. विकणारा ‘आरामात एक ब्रास बसते’ म्हणतो ते फाळके (हौद्याच्या बाजूच्या फळ्या) वाढवून. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च तुमचा. भाड्याचा दर मात्र बाजारात ब्रासवर चालतो. म्हणजे नियमाने वाहाल तर एका ब्रासच्या पैशात दोन खेपा पडतील. नियम मोडाल तर एका पकडीत कित्येक खेपांचा नफा जाईल. त्यात गाडी २०१७ ची. मालवाहू गाडी आठ वर्षांपुढे गेली की फिटनेस दरवर्षी. साडेसात टनांखालच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ताच २०२२ च्या दराने १६,०४९, बाकी विमा वेगळा. गर्दीच्या वेळी जड वाहनांना शहरात बंदी असते, तेव्हा सकाळी गाडी कुठे अडकून पडेल हेही मोजा.

शिवाय माती आणि मुरूम गौण खनिजात येतात. वाहतूक पास नसेल तर महसूल खातं बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावू शकतं, गाडी सोडवून घ्यायची रक्कम वेगळी, आणि ती लाखांत जाते. ‘साइटवरची फुकट माती’ उचलून देणारा पास देत नाही. ती माती तुम्हाला सगळ्यात महाग पडेल. पास आणि बिल देणाऱ्या पुरवठादाराकडून त्याच्याच गाडीने जागेवर पोच घ्या. जोखीम त्याची, गाडी त्याची.

डेब्रिजचं काम बेतातून काढूनच टाका. ते नेण्याची रीतसर ठिकाणं म्हणजे पालिकेची दहिसर आणि शिळफाट्याजवळची प्रक्रिया केंद्रं. तिथवरची खेप, रांग आणि पावती धरून दर सांगितला की ग्राहक खाडीकाठी रिकामी करणाऱ्याचा दर तुमच्या तोंडावर फेकतो. भांडुप-कांजूरच्या बाजूला खारफुटीत एक गाडी पकडली गेली तर गुन्हा आणि जप्ती दोन्ही. भाड्याच्या ड्रायव्हरने कंटाळून केलेलं कामही मालकाच्याच अंगावर येतं.

मग पैसा कुठे आहे? वार्षिक देखभालीच्या कंत्राटात. समजा पाच हजार चौरस फुटांची बाग, एक माळी, सोसायटी महिन्याला २४,००० देते. माळ्याचा पगार, रजेचा बदली माणूस, अवजारं, तुमची फेरी वजा केली की तीन-चार हजार उरतात. दिसायला थोडे. पण त्याच सोसायटीत वर्षात मातीची भर, कुंड्या बदलणं, कुंपणाची छाटणी, फुलझाडांचे वाफे ही जादा कामं निघतात आणि तिथे पंचवीस-तीस टक्के सुटू शकतात. अशा सहा बागा आणि फार्महाऊसची दोन-तीन कामं झाली की तुमची २६,००० ची तूट भरून निघते. पहिल्या बारा महिन्यांचं लक्ष्य तेवढंच ठेवा.

दर देताना नवखे लोक पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या बागेत, हमखास फसतात. गाडी गेटवर माती ओतून जाते, पुढचं सगळं डोक्यावर. घमेल्यात १३ लिटर माती मावते असं धरलं तर एका ब्रासला सव्वादोनशेच्या आसपास घमेली होतात, एकेक अठरा किलोचं. दोन माणसांचा दिवस त्यात जातो, आणि सोसायटीने लिफ्ट नाकारली तर त्याहून जास्त. हा खर्च मातीच्या दरात लपवू नका, वेगळी ओळ टाका. भरलेली माती पहिल्या पावसात पाचवा-चौथा हिस्सा बसते, तेव्हा अंदाज काढतानाच तेवढी जादा धरा. नाहीतर ऑगस्टमध्ये सेक्रेटरी म्हणणार की माती कमी टाकलीत.

पोडियमच्या स्लॅबवर एक फूट ओली माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर भार. सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र हातात आल्याशिवाय उंची वाढवू नका. कोकोपीट मिसळलेलं हलकं मिश्रण सुचवा. कामाआधी ४८ तास पाणी साठवून चाचणी घ्या, खालच्या पार्किंगच्या छताचे फोटो काढून मॅनेजरची सही घ्या. पहार लागून वॉटरप्रूफिंग फुटलं की बिल अडकतं. आणि आधीपासूनची गळतीसुद्धा सोसायटी तुमच्याच माथी मारते. ही एक सही लाखभराचं बिल वाचवू शकते.

झाडांच्या फांद्या छाटायला वॉर्डच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, ती सोसायटीच्या नावाने सोसायटीलाच काढायला लावा. एप्रिल-मे हा त्या कामाचा हंगाम. मातीचा साठा ३१ मेच्या आत जागेवर पोचवा, पावसात ती चिखल होऊन वजनाने भाड्याचे पैसे खाते. लॉनचे तुकडे आले की दुसऱ्या दिवसाच्या आत अंथरून झाले पाहिजेत. थर लावून ठेवलेलं गवत आतून तापून पिवळं पडतं. तेव्हा जमीन तयार झाल्यावरच गाडी मागवा.

२२ लाखांची मांडणी मी अशी करेन. घराची तूट दीड वर्ष भरून निघेल असे पाच लाख एफडीत, पण दोन बँकांत आणि लहान लहान पावत्यांत, म्हणजे गरजेला एकच मोडता येईल. मुलाच्या शिक्षणाचे चार लाख वेगळे, त्यांना धंद्याचा हात लागू द्यायचा नाही. खेळतं भांडवल साडेतीन लाख, स्वतंत्र चालू खात्यात. ब्रश कटर, हेज ट्रिमर, लांब दांड्याची करवत, हातगाड्या, पाइप यांना सव्वा लाख. पन्नास हजार विम्याला, आणि हे सगळ्यात आधी. नोकरीबरोबर कंपनीची मेडिक्लेम गेली, तेव्हा तिघांसाठी १० लाखांची फॅमिली फ्लोटर (तिघांची मिळून एकच आरोग्य पॉलिसी) घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी आता शून्य आहे. जुन्या आजारांची प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते, म्हणून उशीर नको. माळ्यांसाठी कामगार भरपाईची पॉलिसीही यातच. झाले सव्वाचौदा लाख. उरलेले पावणेआठ आज कुठेच टाकायचे नाहीत. पीएफला हातच लावू नका.

वर्षभराने गाडीचा विचार करा, तोही टिपरचा नाही. सव्वा टन क्षमतेची पिकअप बघा. गाडीचं एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. तुमचं साधं मोटारीचं लायसन्स त्याला चालतं, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये साडेसात टनांपर्यंतचा तो वाद मिटवला. ८ लाख कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं: हप्ता १७,४०० च्या आसपास, एकूण व्याज सुमारे २ लाख ४४ हजार. विमा, पार्किंग, टायर-दुरुस्तीचे दहा हजार धरले तर महिन्याला २७,४०० नुसते उभे राहण्याचे. डिझेल-हमाली वजा खेपेला १,८०० सुटत असतील आणि तुम्ही स्वतः चालवत असाल तर पंधरा-सोळा खेपांत हे निघतं. २२,००० चा ड्रायव्हर ठेवला तर सत्तावीस-अठ्ठावीस खेपा हव्यात. म्हणून सलग तीन महिने तुम्ही स्वतः नाक्यावरचा टेम्पो महिन्याला १५ पेक्षा जास्त वेळा सांगितलात, तरच शोरूममध्ये जा. टेम्पोच्या पावत्या त्यासाठी जपून ठेवा. कर्ज मागताना बँकेलाही त्याच दाखवायच्या. १० लाखांपर्यंत मुद्रा योजनेत विचारून बघा.

जीएसटीचं एक लक्षात असू द्या. सेवेची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी आणि बिलावर १८ टक्के. सहा बागांचेच वर्षाला १७ लाख २८ हजार होतात, तेव्हा ती रेषा लांब नाही. रहिवासी सोसायट्यांना या कराचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, सहसा मिळत नाही, ते तुम्हालाच दर कमी करायला सांगतील. पहिल्याच करारात ‘कर लागू झाल्यास वेगळा’ ही ओळ घाला.

राहिलं टोकन. लेखी पावती असेल तर त्यातली अट वाचा. परिवहनच्या संकेतस्थळावर त्या टिपरचे थकलेले चलान, फिटनेसची तारीख आणि कर्जाचा बोजा बघा. यातलं काही तुमच्यापासून लपवलेलं निघालं तर पैसे परत मागायला तेच कारण पुरेसं आहे. काही निघालं नाही आणि मालक अडून बसला तर पंधरा हजार परत घेऊन तडजोड करा, नाहीतर पूर्ण २५,००० सोडून द्या. टोकन वाचवायला उरलेले पावणेसात लाख भरू नका.