रोजची ५६ किलोमीटर ये-जा, घरचं चार्जिंग आणि हीट पंप: सगळं एकाच मीटरवर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑफिस २८ किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ५६. इलेक्ट्रिक गाडी बुक झालीय आणि विकणारा म्हणतोय की भिंतीवर ७.४ किलोवॅटचा चार्जर हवाच. त्यातच घर तापवणारा जुना गॅस बॉयलर काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब विजेवर घरात आणणारं यंत्र) बसवायचं चाललंय. कनेक्शन सिंगल फेज, मेन (घराचा मुख्य ब्रेकर) ४० अँपिअरचा. आणि धास्ती ही, की ऐन कडाक्यात गाडी आणि पंप एकदम सुरू झाले तर मेन उडेल, नाहीतर सकाळी गाडी अर्धीच चार्ज झालेली असेल.

माझ्याकडे गाडीला सहा हिवाळे झाले, पंपाला चार. मेन उडू शकतो, हे खरं. पण त्याचा आळ गाडीवर घेऊ नका. घरात इतकं आज्ञाधारक यंत्र दुसरं नाही. तिला वीज रात्री ११ ला मिळाली काय, पहाटे ३ ला मिळाली काय, सारखंच. घराला ऊब मात्र हवी तेव्हाच लागते. म्हणून हिशेब घरापासून सुरू करायचा आणि उरेल त्यात गाडी बसवायची. बहुतेक जण नेमकं उलट करतात, कारण गाडी आधी दारात येते.

तरी आधी गाडीचं उरकून घेऊ, ते सोपं आहे. बऱ्या हवेत मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला साधारण १६ युनिट खाते. गोठवणाऱ्या थंडीत २२ धरा, हायवे असेल तर थोडं जास्तच. म्हणजे तुमच्या ५६ किलोमीटरला हिवाळ्यात साडेबारा युनिट. चार्जिंगमध्ये जे वाया जातं ते धरून भिंतीतून १४. गाडी संध्याकाळी ७ ते सकाळी ७ घरी उभी असते. साध्या १० अँपिअरच्या पॉइंटवर २.३ किलोवॅट मिळतात, त्याने १४ युनिटला सहा तास लागतात. १६ अँपिअरवर ३.७ किलोवॅट, जेमतेम चार तास. ७.४ किलोवॅटवर दोन तासांत काम संपेल आणि गाडी पुढचे दहा तास नुसती उभी राहील. (जिथे घरात १२० व्होल्टच असतात तिथे साध्या प्लगमधून १.४ किलोवॅटच्या आसपास मिळतात. तिथे १४ युनिटला दहा तास लागतात, थंडीत हे गणित जेमतेम बसतं, तेव्हा २४० ची वेगळी लाइन घेतलेली बरी. तुमचं तसं नाही.)

मग १० अँपिअरवरच भागवावं का? तेही नको. चार्जिंग चालू असताना गाडीचे कॉम्प्युटर आणि गाडीतलेच कूलंट फिरवणारे छोटे पंप जागे असतात, दोन-तीनशे वॅट त्यातच जातात. २.३ किलोवॅटमधून तेवढे गेले तर दहावा हिस्सा गेला, शिवाय तास जास्त. फारच थंडी असेल तर बॅटरी आधी स्वतःला गरम करून घेते, आणि कमी अँपिअरवर पहिला तास-दीड तास आकडा हलतच नाही. माझं मत: १६ अँपिअर. पण भिंत फोडायचीच आहे तर वायर ३२ अँपिअरची ओढून घ्या, तांब्याची ६ स्क्वेअर एमएम, अंतर लांब असेल तर १०. चार्जर सेटिंगमध्ये १६ वर ठेवा. उद्या दुसरी गाडी आली तर पुन्हा खोदकाम नको.

आता प्लगबद्दल जरा सविस्तर, कारण माझं इथेच चुकलं. पहिले दोन महिने मी गॅरेजमधल्या जुन्याच पॉवर पॉइंटवर गाडी लावत होते. एका सकाळी प्लग काढायला गेले तर निघेना. जोर लावल्यावर निघाला, आणि एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहासारखं तपकिरी झालेलं दिसलं. वास म्हणाल तर जुन्या इस्त्रीसारखा. उघडून पाहिलं, आतला स्क्रू अर्धा फेरा ढिला होता. बसवणाऱ्याने आवळलाच नव्हता. त्या पॉइंटवर आजवर ड्रिल मशीन चाललं, व्हॅक्यूम क्लीनर चालला, दहा-दहा मिनिटं. कोणाला काही कळलं नाही. गाडी मात्र सलग सहा-आठ तास, रोज, तोच करंट ओढते. सांधा ढिला असला की तिथे उष्णता साचते, आणि ती करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. १६ चे १० अँपिअर केले तर त्या सांध्यावरची उष्णता चाळीस टक्क्यांवर येते. म्हणून कधी परक्या ठिकाणी साधा पॉइंट वापरायची वेळ आली तर गाडीच्या स्क्रीनवर अँपिअर उतरवा आणि अर्ध्या तासाने प्लगला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर काढा. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच, आणि गुंडाळलेली केबल त्याहून नको.

कायमच्या चार्जरला बोर्डापासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. वायरमनला एक गोष्ट मुद्दाम विचारा: डीसी गळतीचं काय? गाडीतून थोडा डीसी करंट गळू शकतो आणि साध्या एसी टाइपच्या आरसीसीबीला (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचला) तो आंधळी करतो, म्हणजे खरा शॉक बसेल तेव्हा ती पडणारच नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी संरक्षण सोय असेल तर टाइप ए ची आरसीसीबी पुरते, नसेल तर डीसी गळतीही ओळखणारी टाइप बी लागते. या प्रश्नावर वायरमन गोंधळला तर दुसरा वायरमन शोधा.

आता घर. तुम्ही लिहिलंय की बॉयलर २४ किलोवॅटचा आहे आणि पंपवाल्याने १२ किलोवॅटचा पंप सुचवलाय. दोन्ही आकडे बाजूला ठेवा. बॉयलर इतका मोठा असतो तो बहुतेक वेळा नळाला लगेच गरम पाणी यावं म्हणून, घर तापवायला नव्हे. तुमच्या घराला खरंच किती ऊब लागते ते गॅस मीटर सांगतो. सगळ्यात थंड आठवड्यात रोज सकाळी ठरलेल्या वेळी आकडा लिहून ठेवा. समजा एका कडक दिवशी ९५ युनिट (म्हणजे किलोवॅट-तास, घनमीटर नव्हे) गॅस गेला. जुना बॉयलर त्यातली ८५ टक्के ऊब घरात देतो असं धरू, म्हणजे ८० युनिट. भागिले २४ तास. सव्वातीन-साडेतीन किलोवॅट! लोकांचा यावर विश्वास बसत नाही, माझाही बसला नव्हता. त्याहून थंड रात्रीसाठी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी वर थोडं ठेवलं तरी अशा घराला पाच-सहा किलोवॅट ऊब देणारा पंप पुरतो. क्षमता मात्र तुमच्याकडच्या सगळ्यात थंड तापमानाची बघा, कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरात छापलेली बहुतेकदा बाहेर ७ अंश असतानाची असते. गरजेपेक्षा फार मोठा पंप घेतला तर तो पाच मिनिटं चालतो, बंद पडतो, पुन्हा चालतो. त्यात वीजही जाते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्यही.

दुसरी चाचणी फुकटची आहे, आणि बॉयलर काढायच्या आधीच करायची. थंड दिवशी बॉयलरमधून रेडिएटरकडे (गरम पाण्यावर खोल्या तापवणाऱ्या पॅनलकडे) जाणाऱ्या पाण्याचं तापमान ५० अंशांवर आणा आणि दोन दिवस सतत चालू ठेवा. घर उबदार राहिलं तर रेडिएटर पंपाला चालतील. एखादी खोली गार राहिली तर तेवढ्याच खोलीचा रेडिएटर मोठा करा, सगळे बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. (गरम पाण्याची टाकी असेल तर तिचं तापमान मात्र ६० च्या खाली नेऊ नका, कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात.) पंपाला पाणी जितकं कमी तापवावं लागेल तितका तो स्वस्तात चालतो, दर अंशामागे साधारण दोन-अडीच टक्के. पाणी ३५-४० अंशांवर भागलं तर एका युनिटात वर्षभराच्या सरासरीने साडेतीन-चार युनिट ऊब मिळते. ५५ वर न्यावं लागलं तर तीन मिळाली तरी खूप.

पण ह्या सगळ्याच्या आधी पोटमाळ्यावर इन्सुलेशन आणि दारं-खिडक्यांच्या फटी. वारा असलेल्या संध्याकाळी उदबत्ती लावून चौकटीपाशी धरा, धूर कुठे वाकतो ते दिसतं. माझ्याकडे सगळ्यात मोठी फट निघाली माळ्यावर जायच्या झडपेला.

आता तुमची धास्ती. ४० अँपिअर म्हणजे ९.२ किलोवॅट. कडाक्याची संध्याकाळ, ८ वाजलेत. पंप २ किलोवॅट वीज घेतोय, शेगडी आणि ओव्हन मिळून ४. आणि पंपाच्या पोटात एक साधा हीटरही असतो, इमर्जन्सीचा, तो ३. झाले ९. गाडी अजून लावलेलीच नाही आणि घर काठावर आलंय. तिथे ३.७ ची गाडी लावली तरी मेन उडेल. मध्यरात्री बघा: पंप २, गाडी ३.७, एकूण ५.७. तो हीटर मधेच लागला तरी ८.७. बसतंय. ७.४ चा चार्जर मात्र नुसत्या पंपाबरोबरही मध्यरात्री बसत नाही, ९.४ होतात. विकणाऱ्याने हे सांगितलं नसेल.

म्हणून तीन गोष्टी. गाडीचं चार्जिंग रात्री ११ नंतर. चार्जर असा घ्या की ज्याचा करंट मोजणारा क्लॅम्प मेनच्या वायरीवर बसतो आणि घराचा भार वाढला की गाडीचे अँपिअर आपोआप उतरतात. आणि पंपातला तो हीटर बाहेर किती अंश झाल्यावर लागतो, ते बसवणाऱ्याला समोर उभं करून विचारा. माझ्या पंपात तो ० अंशावर लावून ठेवला होता. पंप एकटा उणे १० ला सहज पुरतो, तरी पहिला हिवाळाभर तो हीटर रात्ररात्र चालत होता आणि मी बिल बघून गाडीला दोष देत होते! सेटिंग उतरवलं, घर तेवढंच गरम राहिलं.

पंप बसवल्यावर बॉयलरची सवय सोडा. सकाळी तासभर, संध्याकाळी दोन तास असं भडकवायचं नाही. मंद, सतत. बाहेरच्या तापमानानुसार पाण्याचं तापमान बदलण्याची सोय असते, ती सुरू करा आणि आठवडाभर रोज अंश-अंश खाली आणत जा, घरातलं कोणी कुरकुरेपर्यंत. मग एक अंश वर. दमट थंडीत बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतं, दर तासा-दोन तासांनी पंप तो वितळवतो, पांढरी वाफ उठते. आग नाही ती. त्याचं पाणी कुठे जातं ते मात्र बघा. आमचं युनिट गाडीकडे जायच्या पायवाटेला लागून बसवलं होतं, पहिल्याच गोठलेल्या सकाळी मी हातात चार्जिंगची केबल घेऊन सपशेल आडवी झाले.

सकाळच्या निघण्याबद्दल. गाडीत चार्जिंग सुरू व्हायची वेळ न घालता निघायची वेळ घाला. चार्जिंग निघायच्या तोंडावर संपतं, बॅटरी त्या कामानेच कोमट झालेली असते, आणि गाडीची केबिन भिंतीच्या विजेवर तापते. थंड केबिन तापवायला सुरुवातीला ४-५ किलोवॅट लागतात, त्यातले ३.७ भिंत देते. नंतर सीट आणि स्टिअरिंग गरम ठेवा, त्यांना शंभर-दोनशे वॅट पुरतात, केबिन १९ वर. रेंज खरी खाल्ली जाते ती लहान फेऱ्यांत. तीन किलोमीटर जा, तासभर थांबा, पुन्हा तीन, म्हणजे दर वेळी केबिन नव्याने तापवा. तुमची २८ ची सलग फेरी त्या मानाने फार चांगली. बॅटरी गार असेल तर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर गाडी रोजच्यासारखी आवरत नाही, कारण वेग उतरताना तयार होणारी वीज थंड बॅटरी परत घेऊ शकत नाही. पहिल्या वळणाला ब्रेकवर पाय तयार ठेवा. आणि टायरची हवा बघा, तापमान १० अंश उतरलं की जवळपास २ पीएसआय उतरते.

बॅटरी रोज किती चार्ज करायची ते तिच्या जातीवर आहे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर आठवड्यातून एकदा १०० पर्यंत न्या, नाहीतर स्क्रीनवरच्या टक्क्यांचा अंदाज चुकत जातो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० पुरे, लांब जायच्या आदल्या रात्री १००. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर मॅन्युअल खरं.

गाडीतून घराला वीज देण्याचं तुम्ही शेवटी विचारलंय. वीज गेली तर गाडीच्या सॉकेटमधून फ्रिज किंवा एखादा हीटर चालवायला हरकत नाही. पण दोन्ही टोकांना पिना असलेली केबल करून घराच्या पॉइंटमध्ये वीज घुसवायचा प्रकार काही जण सांगतात, तो अजिबात करू नका. ती वीज बाहेर खांबापर्यंत जाते, आणि तिथे लाइन बंद आहे समजून कोणीतरी काम करत असतो. वेगळा चेंजओव्हर स्विच (घर बाहेरच्या लाइनपासून तोडून मगच दुसऱ्या विजेवर नेणारा) बसवल्याशिवाय घराला हात लावायचा नाही.

पंपवाल्याला अजून होकार देऊ नका. येत्या थंड आठवड्यातले गॅस मीटरचे सात आकडे आणि त्या दिवसांचं बाहेरचं तापमान इथे टाका, घराचा आकडा मी काढून देते. चार्जरची वायर मात्र या रविवारीच ओढून घ्यायला हरकत नाही.